घोडीखालचं रबर

काल दुपारी दिवाळी पहाटवाल्या मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला. "ताई, यंदा तुमचा बास हवाच बरं का. त्या वर्षी काय लागला होता हो! लोक अजून आठवण काढतात. अगदी तस्साच वाजवा." मी "बघते, कळवते" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. आणखी एक शब्द बोलले असते तर तो चांगला निघाला नसता. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं, मग त्याच्यावर ओरडले. दूध निमूटपणे ऐकून घेतं, हा त्याचा गुण आहे.

आमची इमारत आणि पलीकडची चाळ यांच्यामध्ये भाताचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. बोईसरला लागून असलेल्या आमच्या सालवडात असे तुकडे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. काल सकाळीच तो कापला. कापलेल्या भाताचा गोडसर, ओलसर वास घरभर पसरला होता, आणि त्यात वाऱ्याबरोबर एमआयडीसीकडून येणारा तो दुसरा वास, कुजक्या फळांसारखा. त्याचं खरं नाव मला नोकरीमुळे माहीत आहे, आणि ते घेतलं तर नोकरी राहणार नाही. या दिवसांत हे दोन वास एकत्र आले की काहींना दमा उठतो. मला राग उठतो.

आधी बास म्हणजे काय ते सांगते. बोईसरात ते सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. व्हायोलिन सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याच कुळातला हा सगळ्यात थोरला भाऊ, माझ्या डोक्यापेक्षा वीतभर उंच. उभं राहून, खांद्याला टेकवून घ्यायचा, डाव्या हाताने तारा दाबायच्या आणि उजव्या हाताच्या बोटांनी ओढायच्या. आवाज अगदी खालचा, जमिनीजवळचा. घराला जोतं असतं तसा तो गाण्याखाली असतो. टेम्पोतून उतरवताना बघणाऱ्यांनी आजवर त्याला कपाट म्हटलं आहे, होडी म्हटलं आहे, आणि एका नाक्यावरच्या हवालदाराने तर 'आत काय आहे?' म्हणून खोळ काढायला लावली आहे. 'तानपुऱ्याचा कोणी लागतो का हा?' असं विचारणारा एकच भेटला. त्याला मी चहा पाजला.

मी काही संगीतातली नव्हे. आम्ही मूळचे जळगावकडचे. वडील वीजकेंद्राच्या बांधकामावर आले आणि इथलेच झाले. मी एका औषधांच्या कारखान्यात यंत्रांची थरथर मोजते. कुठला पंप किती थरथरतो, का थरथरतो आणि ते थांबवायचं कसं, हे माझं काम. बावीस वर्षं मी थरथर थांबवण्याचा पगार घेते आहे. एवढं लक्षात असू द्या, कारण पुढे याच शहाणपणाच्या जोरावर मी माती खाल्ली.

बासची आणि माझी गाठ पडली तीसुद्धा या सवयीमुळेच. आमच्या प्रयोगशाळेतली सुनंदा समुद्राकाठच्या एडवण गावची. तिच्या मुलीच्या बारशाला गेले होते. बाहेर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, आत पाळण्याभोवती बायकांची गर्दी, आणि मागच्या खोलीतून एकसारखा घूं घूं असा आवाज. मी सवयीने भिंतीला हात लावला आणि सुनंदाला म्हटलं, "तुमच्या पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय. आठवडाभर टिकणार नाही." पाळण्याचं गाणं अर्ध्यावर सोडून बायका हसायला लागल्या. "मोटार नाय ती ताई," सुनंदा म्हणाली, "आमचे काका हायेत."

हरीकाका म्हणजे सुनंदाच्या वडिलांचे थोरले भाऊ. बनियन, पांढरे केस, आणि खजुराच्या बियांसारखी टणक झालेली बोटांची टोकं. मुंबईत तीस वर्षं त्यांनी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत बास वाजवला. ओळीत सगळ्यात मागे, लाकडी पडद्याआड उभं राहून. "मंग एक दिस गेलो," ते सांगायचे, "तर माज्या जागेवर एक पेटी ठेवलेली, इजेवर चालनारी. ती वाजवनाऱ्याच्या डाव्या हातात मी होतो." ते बास घेऊन एडवणला परत आले, ते कायमचेच.

त्यांच्या कपाटात जुन्या तबकड्या होत्या. मी एक एक कव्हर उलटून पाहिलं. गाणाऱ्याचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, चाल बांधणाऱ्याचं नाव. एका कव्हरवर तर नायिकेला साड्या पुरवणाऱ्या दुकानाचं नाव होतं. बास वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. मी तिथल्या तिथे भडकले. साडीवाला आठवला आणि ज्याच्या बोटांवर अख्खं गाणं उभं आहे तो आठवला नाही? काकांनी कव्हरं शांतपणे परत लावून ठेवली. "बास असला का कोनाला कलत नाय, बाय," ते म्हणाले. "नसला का कलतं." मला त्या वेळी हे वाक्य फार मोठं वाटलं होतं. आठ वर्षं दर रविवारी मी एडवणला जाऊन त्यांच्याकडे शिकले, आणि आठही वर्षं हे वाक्य उराशी धरून होते.

मग काकांचे हात थरथरायला लागले. ती थरथर थांबवणं माझ्या हातात नव्हतं. एका रविवारी त्यांनी बास टेम्पोत चढवून माझ्याबरोबर सालवडला पाठवून दिला आणि स्वतः दारातही आले नाहीत. पाठोपाठ कान गेले. ओरडून बोललं तर शब्द लागायचे, नाहीतर ओठ बघून अंदाज करायचे. पण बास हवेतून त्यांच्यापर्यंत पोहोचेना. मी समोर वाजवायचे आणि ते माझी बोटं बघत बसायचे, बंद काचेतून बघावं तसे. त्याच वर्षी, असेच भातकापणीचे दिवस असताना, मंडळाने मला पहिल्यांदा बोलावलं. मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "सगला जनम पडद्यामागं गेला. एकदा मैदानात, मानसांसमोर वाजूदे. मी ऱ्हाऊदे. हा वाजूदे."

आता मैदान म्हणजे मैदान. तबला, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, हजारभर माणसं. तिथे नुसता बास दुसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही. त्याला पिकअप लागतो, म्हणजे वाद्याची थरथर पकडून तिची वीज करणारी छोटीशी वस्तू. ती वीज मग स्पीकरपर्यंत न्यायची. हे मी चिटणिसांना समजावून सांगायला गेले, तर ते म्हणाले, "एवढा व्याप कशाला ताई? कीबोर्डवाला डाव्या हाताने देतोच की." मी म्हटलं, मग तबला तरी कशाला आणता, टेबल आहेच की बडवायला. त्यांना ते विनोदी वाटलं. मी विनोद करत नव्हते.

पालघरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "गिटारचा घेऊन जा, सगळं सारखंच असतं." सारखं काहीही नसतं. त्याने दिलेला पिकअप चुंबकाचा होता. त्याला लोखंडी तारा लागतात, आणि काकांच्या तारा जनावराच्या आतड्यापासून वळलेल्या. चुंबकाला त्या आहेत की नाहीत हेसुद्धा कळत नाही. मी तो परत करायला गेले, तर म्हणे, "तारा बदला ना!" म्हणजे चप्पल बसत नसेल तर पाय कापा. मग एक बारका माइक आणला, चिमट्याने बासला लावला. त्याने बास सोडून सगळं ऐकलं. खालच्या मजल्यावरचा कुकर, रस्त्यावरचा भंगारवाला, आणि आवाज जरा वाढवला की स्वतःचाच आवाज ऐकून शिट्टी. शेवटी सापडली ती नाण्याएवढी चपटी चकती. ती हवेतलं काही ऐकत नाही. लाकडाला दाबून बसवली की लाकडाची थरथर तेवढी ऐकते. ती हातात घेतली आणि मला हसू फुटलं. अशाच चकत्या मी रोज पंपांना चिकटवते. मला वाटलं, हे तर माझंच क्षेत्र.

तेव्हा नवरात्र चालू होतं. आमच्या रस्त्यावर भिंतीएवढे काळे स्पीकर रचलेले, आणि गरब्याच्या आधीची तपासणी दुपारी दोनपासून. फळीवरची ताटं आपोआप सरकायची. मी रागाने कामावरचं मीटर आणून खिडकीच्या गजाला लावलं. एखादा पंप एवढा थरथरला असता तर मी तो त्याच क्षणी बंद करायला लावला असता. खिडकीला मात्र तक्रार करायला जागा नाही, आणि मला होती तिथे, पोलीस चौकीत, सांगितलं, "सणाचं आहे, मॅडम." खालच्या आवाजाचा नुसता पूर, आणि त्यात सूर म्हणून एक नाही. याच गावाला मला बासचा आवाज ऐकवायचा होता.

अशा डोक्याने मी कामाला बसले, आणि तिथेच चुकलं. रविवारची सकाळ होती. बास गादीवर आडवा केला. त्याच्या पोटावर लाकडाची घोडी असते, तिच्या डोक्यावरून तारा जातात. ही घोडी नुसत्या तारांच्या दाबाने उभी असते, ना खिळा, ना डिंक. मी चकती तिच्या पायाखाली घालायचं ठरवलं आणि चारही तारा एकदम सैल केल्या. कारखान्यात पाइपाच्या जोडाचे बोल्ट आम्ही समोरासमोरचे, थोडे थोडे करत सोडवतो. शिकाऊ पोराने एकदम सोडवले तर मी त्याला फाडून खाते. घरी मात्र मी तेच केलं. आतून टक् असा आवाज आला. मला वाटलं पेन्सिल पडली.

आणि त्यावर कडी अशी की घोडी मोकळी बघून माझ्यातली नोकरदार जागी झाली. एवढं महत्त्वाचं काम करणारी वस्तू आणि बुडाशी काहीच नाही? इतक्या वर्षांच्या सवयीने मी पत्र्याच्या डब्यातून काळ्या रबराचे दोन तुकडे काढले, जे आम्ही पंपाच्या पायाखाली घालतो ते. छान कातरले, घोडीच्या दोन्ही पायांखाली सरकवले, मधे चकती. तारा पिळून घट्ट केल्या. आता हल बघू कशी हलतेस, असं मी घोडीला म्हणालेसुद्धा. मग तार ओढली. आवाज आला तो गादी झोडपल्यासारखा.

दुपारी सुनंदा काकांना घेऊन आली. त्यांनी काही विचारलं नाही. बासच्या पोटावर तळहात ठेवला आणि मला खुणेने सांगितलं, वाजव. मी वाजवला. त्यांनी हात झटकन मागे घेतला. "यो मेला," ते म्हणाले. मग खाली वाकून बघितलं आणि त्यांना ते रबर दिसलं. आठ वर्षांत काका माझ्यावर कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. "घोडीच्या पायात चपला घातल्यास? पाव्हनी हाय ती? त्याला थरथरू दिला नाय, तर तो बोलनार कशानं?" मग त्यांनी बासला कुशीवर वळवलं. आत काहीतरी गडगडत गेलं. ते काकांच्या हातांना कळलं. "पोस्ट पाडलीस."

पोस्ट म्हणजे बासच्या पोटात उभी असलेली बोटभर जाडीची लाकडी दांडी. तीही कशाला चिकटवलेली नसते. पोट आणि पाठ यांच्यामध्ये नुसती दाबाने उभी असते आणि पुढची थरथर मागे पोहोचवते. तारा एकदम सोडल्या की दाब जातो आणि ती पडते. पहिल्यांदा वाटलं, कोणी सांगितलं का नाही? मग आठवलं, काकांनी पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं. दुसऱ्याच्या चुकीवर रागावताना निदान ताठ उभं तरी राहता येतं. स्वतःवर रागावताना तो राग ठेवायला जागाही सापडत नाही.

पोस्ट उभी करायला काकांचे हात राहिले नव्हते आणि माझ्या हातांवर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. मी जानूला फोन लावला. जानू आमच्याकडे फिटर, विक्रमगडच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. दर वर्षी भातकापणीला तो रजा मागतो, दर वर्षी त्याला ती नाकारतात आणि दर वर्षी तो जातो. थरथर मोजायला मला मीटर लागतं, त्याला स्क्रू पिळायचा पेचकस पुरतो. हातभर लांबीच्या पेचकसाचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, आणि तो सांगतो की आतलं काय गेलं आहे. माझं मीटर नंतर फक्त मान डोलावतं. हे मला त्यानेच शिकवलं, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे अजून 'मदतनीस' लिहितात. या एका शब्दावरून मी तीन साहेबांशी भांडले आहे. तीनही साहेब बदलून गेले, शब्द आहे तिथेच आहे.

पुढच्या रविवारी जानू आला तो थेट शेतावरून. बोटांवर विळ्याचे चरे, पिशवीत माझ्यासाठी नवे तांदूळ. काकांनी कागदावर काढून दाखवलं तशी त्याने वेल्डिंगची एक सळई वाकवली, तिच्या टोकावर दांडी टोचली आणि बासच्या पोटावरच्या वळणदार फटीतून आत घातली. मी विजेरी धरली. काका त्याच्या मनगटाकडे बघत बोलत होते, "वर... आजून... तुज्याकडं ओढ... बस." अर्ध्या तासाने दांडी उभी राहिली. रबर मी स्वतःच्या हाताने काढलं. मग चारही तारा पाळीपाळीने, थोड्या थोड्या चढवल्या. तार ओढली, आणि खोलीतल्या फरशीला ते कळलं.

आता प्रश्न चकती कुठे बसवायची याचा. जानूने पिशवीतून पेचकस काढला. मी तार ओढत राहिले आणि तो घोडीवर जागोजाग टोक टेकवून ऐकत राहिला. "हितं नुसता ओरडते... हितं नाय बोलत... ताई, ही चीर बघा. हितं मोकला बोलते." घोडीच्या दोन्ही कडांना एकेक चीर असते. त्यातल्या एका चिरेत चकती मापाची असल्यासारखी बसली. डिंक नाही, रबर नाही. माहितीपत्रकं वाचत मी दोन आठवडे घालवले होते.

"मला दे," काका म्हणाले. त्यांनी पेचकसाची मूठ कानात खुपसली आणि मान हलवली. "नाय." जानू पुढे सरकला. "कानात नाय काका. हाडाला लावा. पंपाजवल एवडा आवाज असते का कानाचा उपेग नाय. आमी हाडानंच आयकतो." त्याने काकांचा हात धरला आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून दाबली. दुसरं टोक बासला. मी सगळ्यात जाड तार ओढली.

काकांचे डोळे मोठे झाले. "परत," ते म्हणाले. मी परत ओढली. "परत." पाच-सहा वेळा असं झालं. मग कपाळाला आठी घालून ते म्हणाले, "उतरलीय ही. चढव जरा." तार खरंच केसभर उतरली होती. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. कानाचे डॉक्टर झाले, यंत्रं झाली, 'आता वयच आहे' असं तोंडावर सांगून झालं, आणि या माणसाला त्याचा बास ऐकवायची युक्ती आमच्या पंपघरात रोज चालू होती. मला ती येत होती आणि सुचली नव्हती.

दिवाळीची पहाट. मैदानावर आकाशकंदील, उटण्याचे आणि नव्या कपड्यांचे वास. काका कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते, हातात जानूचा पेचकस. त्यांची खुर्ची मी माझ्या शेजारी ठेवली, तर चिटणीस धावत आले. "ताई, हे काय? स्टेजवर पेचकस? फोटोत कसं दिसेल?" मी म्हटलं, काका नसतील तर बासही नाही, आणि बासला कवेत घेऊन दोन पावलं चाललेसुद्धा. शेवटी तडजोड झाली की त्यांनी मागे बसावं, पडद्याला लागून. पुन्हा पडदाच! मी बास उचलला आणि मागे जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. तेवढंच माझ्या हातात होतं.

साउंडवाला घाईत होता. "मैडम, ये कपाट का वायर किधर से निकलेगा?" मी वायर दिली, आवाज वाढवायला मधे लावायची छोटी डबी दिली, काय कशाला जोडायचं ते दोनदा सांगितलं. "टेंशन मत लो. मैं सँभाल लूँगा." मला स्वतःचा आवाज परत ऐकायला स्पीकर मिळाला नव्हता. तो गायिकेच्या, तबल्याच्या आणि निवेदकाच्या वाट्याला आला होता. पण बास माझ्या अंगालाच टेकलेला. तो माझ्या बरगड्यांत वाजतो, मला स्पीकर कशाला हवा?

सहा गाणी झाली. काकांनी पेचकसाचं टोक बासच्या पाठीवर धरलं होतं. चरा पडेल म्हणून मी खुणावलं, तर त्यांनी ओठांनीच सांगितलं, पडूदे. डोळे मिटलेले, मूठ कानामागे, आणि मोकळ्या हाताची थरथरती बोटं मांडीवर माझ्याबरोबर वाजवत असलेली. समोर काय चाललं होतं ते मला नीट आठवत नाही. पूर्वेला उजळलं होतं एवढं आठवतं.

कार्यक्रम संपला आणि लोक आले. चिटणिसांनी हात जोडले, "मानलं ताई. बास काय लागला!" एक गृहस्थ म्हणाले, "खालचं भरीव काम ऐकून बरं वाटलं." पैठणीतल्या एका बाईंनी छातीवर हात ठेवला, "इथे, अगदी इथे जाणवत होतं हो." मी भरून पावले. वायर आणायला साउंडवाल्याच्या टेबलापाशी गेले. माझी वायर टेबलाखाली होती. नीट गुंडाळून तिला रबर लावलेलं होतं. ती कशालाही जोडलेली नव्हती.

"अरे मैडम, जगह कम पड़ गयी," तो म्हणाला. त्याला लाजही वाटत नव्हती, हे मला अजून छळतं. "कीबोर्डवाले ने लेफ्ट हैंड से दे दिया ना. किसी को पता चला क्या?"

नाही लागला पत्ता. हजार माणसांच्या मैदानात एकालाही नाही. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. पण खरं सांगायचं तर त्याचा राग मला फार दिवस पुरला नाही. पुरला तो त्या हात जोडणाऱ्यांचा, छातीवर हात ठेवणाऱ्यांचा. नव्हत्या त्या गोष्टीचं एवढं कौतुक करायचं? 'नसला का कलतं' हे काकांचं वाक्य मी आठ वर्षं जपलं होतं. ते या लोकांनी एका सकाळीत खोटं पाडलं, आणि वर मला फराळाचं ताट दिलं.

काका खुर्चीवरच बसून होते. मी जवळ गेले. "मैदानाला गेला ना आवाज?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, "सगळे बासबद्दलच बोलतायत, काका!" त्यातला शब्दन् शब्द खरा होता. काकांचा चेहरा असा फुलला की मला तिकडे बघवेना. क्षणभराने कपाळाला तीच ओळखीची आठी पडली. त्यांनी मला खाली वाकायची खूण केली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तिसऱ्या गान्यात घाई केलीस, बाय. सगल्या मैदानाला कलली असल."

त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. ते एडवणलाच असतात, आणि मी बास टेम्पोत घालून महिन्यातून एकदा घेऊन जाते. आतल्या खोलीत ते पेचकस हाडाला लावून बसतात आणि माझ्या चुका काढतात. चकती अजून त्याच चिरेत आहे. बासच्या पाठीवर पेचकसाचा चरा आहे. पॉलिशवाल्याला मी त्याला हात लावू दिला नाही. जानू या आठवड्यात कापणीला गेला आहे. रजा नाकारली आहे.

आज सकाळी मी चिटणिसांना फोन केला. "येते," म्हटलं. "पण वायर माझी मी जोडणार, आणि जोडली की नाही ते तुम्ही टेबलापाशी उभं राहून बघणार. आणि स्टेजवर एक खुर्ची लागेल. मागे नाही, पुढे, माझ्या शेजारी."

"खुर्ची?" ते गोंधळले. "तुम्ही तर उभ्याने वाजवता ना?"

"माझ्यासाठी नकोय," मी म्हटलं. "एक तरी ऐकणारा असू दे."